मिस्ड कॉलला उलट फोन आणि पोस्टपेड बिलातला खड्डा

परदेशी नंबरावरून रात्री अडीच-तीनला एकच रिंग वाजते आणि फोन बंद होतो. रिंग देणारं यंत्र असतं, ते हजारो नंबर सरसकट फिरवतं. तुमचा मुलगा न्यू जर्सीत आहे की सून सॅन होजेत, याची त्याला काहीच कल्पना नसते. पण उलट फोन कोण करणार? ज्यांचं कुणी तिकडे आहे तेच. कोथरूड, सहकारनगर, औंधमधल्या आई-वडिलांना या सापळ्यात वेगळं ओढावं लागत नाही. काळजीच नंबर फिरवते.

या प्रकाराला वांगिरी म्हणतात. फसवणारा एखाद्या लहान देशातली महागड्या दराची नंबरमालिका भाड्याने घेतो. त्या नंबरावर आलेल्या प्रत्येक मिनिटामागे तिकडच्या कंपनीला पैसे मिळतात आणि त्यातला वाटा याला मिळतो. म्हणून तुम्ही लाइनवर टिकून राहणं एवढंच त्याला हवं असतं. तुमचा उलट फोन उचलला जातो आणि पलीकडून रिंगचाच ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला जातो. तुम्हाला वाटतं अजून वाजतोय, इकडे मीटर पळत असतो. कधी संगीत लावतात, कधी ‘कृपया थांबा’. कित्येकदा तो कॉल त्या देशापर्यंत पोहोचतसुद्धा नाही, वाटेतल्याच एखाद्या एक्सचेंजवर उचलला जातो.

आता बिल कसं फुगतं ते पाहू. समजा नंबर +१-८७६ ने सुरू होतो. घरात अमेरिका-कॅनडाचा आयएसडी पॅक आहे, आणि ‘+१ म्हणजे अमेरिका’ हे सगळ्यांना पाठ. फसगत इथेच होते. +१ हा कोड अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधले बरेच देश मिळून वापरतात. ८७६ म्हणजे जमैका, ८०९ आणि ८२९ डॉमिनिकन रिपब्लिक, ४७३ ग्रेनेडा, २६८ अँटिग्वा, २८४ ब्रिटिश व्हर्जिन बेटं, ६४९ टर्क्स आणि केकोस. पॅकच्या यादीत हे बहुधा नसतात, मग साधा दर लागतो.

तो दर मिनिटाला ६० रुपये धरू. पहिला कॉल ४ मिनिटं १० सेकंद, दुसरा १ मिनिट ५ सेकंद, तिसरा २० सेकंद. घड्याळाने एकूण ५ मिनिटं ३५ सेकंद. पण पल्स, म्हणजे बिलात वेळ मोजायचं एकक, ६० सेकंदांचा, आणि प्रत्येक कॉल स्वतंत्रपणे वर पूर्ण केला जातो: ५ अधिक २ अधिक १, म्हणजे ८ मिनिटं. ४८० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ८६ रुपये ४० पैसे. एकूण ५६६ रुपये ४० पैसे, आणि बोलणं शून्य. जाहिरातीतला आयएसडी दर बहुतेक वेळा कराशिवायचा असतो हेही यात आलं.

मिशिगनवाल्यांसाठी आणखी एक बारीक खाच आहे. वाहन उद्योगातले पुष्कळ पुणेकर डेट्रॉइटच्या आसपास असतात. तिथला ट्रॉय, नोवायचा एरिया कोड २४८. पण +२४८ म्हणजे सेशेल्स! +१-२४८ आणि +२४८ यांतला फरक झोपेत डोळ्यांना दिसत नाही. तसंच २१६ क्लीव्हलँडचं, तर +२१६ ट्युनिशियाचा. २३१ मिशिगनमध्येच, तर +२३१ लायबेरिया. इंग्लंडच्या +४४ मध्येही जर्सी (१५३४), गर्न्सी (१४८१) आणि ७० ने सुरू होणारे ‘पर्सनल’ नंबर लपलेले असतात. +८७० आणि +८८१ हे उपग्रह फोनचे कोड आहेत, त्यांचा दर बघितला तर बोलायची इच्छाच उरत नाही. आणि पुण्यातलाच लँडलाइन नंबर फोनमध्ये साठवताना +९१ विसरून नुसतं +२० टाकलंत, तर तो इजिप्तचा कोड होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या इशाऱ्यांबद्दलही थोडं. ‘अमुक कोडचा फोन उचलला की तीन सेकंदांत संपर्कयादी चोरीला जाते’, ‘#९० दाबलं की सिम क्लोन होतं’ हे खोटं आहे. आलेला फोन उचलल्याने भारतात बसून पैसे कापले जात नाहीत. मिस्ड कॉलनेही नाही. उलट फोन केला तरच.

वांगिरीत फसवणारा दूरचा असतो. पण बिलातली काही गळती अगदी रीतसर असते, आणि तिचं दुःख जास्त. मुलाला फोन लावला, त्याने उचलला नाही, व्हॉइसमेल लागला: कंपनीच्या लेखी कॉल ‘उचलला’ गेला. दोन सेकंदांत ठेवलात तरी एक मिनिट गेलं. असे पाच प्रयत्न म्हणजे पाच मिनिटं. अमेरिकेतल्या बँकेचा +१-८०० नंबर तिथे मोफत, इथून लावला आणि लागला तर सहसा आयएसडीचा दर पडतो, आणि ‘तुमचा कॉल महत्त्वाचा आहे’ ऐकत चाळीस मिनिटं जातात.

सहा महिने मुलाकडे जाणारे ओटीपीसाठी पुण्याचं सिम चालू ठेवतात. ते योग्यच, फक्त विमानात बसण्याआधी डेटा रोमिंग बंद करा. अमेरिकेचा रोमिंग पॅक दोहा किंवा दुबईच्या विमानतळावर लागू असेलच असं नाही, आणि विमानातलं किंवा क्रूझवरचं नेटवर्क बहुतेक पॅकमध्ये धरलेलं नसतं. फ्लाइट मोड विसरलात तर फोन गुपचूप त्याच नेटवर्कला जोडला जातो. पॅकचा दिवस भारतीय मध्यरात्रीला संपतो की पहिल्या वापरापासून चोवीस तासांनी, हे लेखी विचारून घ्या. ‘फोन लागला नाही तर पुण्यातल्या नंबरावर वळवा’ अशी व्यवस्था चालू ठेवली असेल तर परदेशात पोहोचलेला कॉल परत भारतात येतो आणि जाण्या-येण्याच्या दोन्ही टप्प्यांचे पैसे तुमच्या खात्यात पडू शकतात. निघण्याआधी ##००२# डायल करून सगळे फॉरवर्ड रद्द करावेत. कुणी फोनवरून ‘*४०१# लावून हा नंबर टाका’ सांगितलं तर ते तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घेत आहेत असं समजा. दूरसंचार विभागाने या प्रकारामुळे १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीवरची, म्हणजे असे * आणि # चे कोड लावून चालणारी, कॉल फॉरवर्ड सेवा थांबवण्याचे आदेश दिले होते.

बंदोबस्त कंटाळवाणा आहे, पण काम करतो. पोस्टपेडवर आयएसडी लागत नसेल तर कंपनीकडून बंदच करून घ्या, मुलाशी बोलायला व्हॉट्सअ‍ॅप आहेच. लागत असेल तर क्रेडिट मर्यादा कमी करून घ्या. प्रीपेडवाला शिलकीपलीकडे बुडत नाही. मुलांचे नंबर +१ सकट नावाने साठवा, म्हणजे नाव न दिसणारा प्रत्येक परदेशी नंबर आपोआप संशयित.

बिल आलंच तर आधी तपशीलवार बिल मागवा: तारीख, वेळ, नंबर, कालावधी, पल्स, रक्कम. ‘आयएसडी शुल्क’ अशा एका ओळीवर भांडता येत नाही. मग १९८ वर तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून घ्या. तो नसेल तर पुढचं काहीच उभं राहत नाही. निकाल पटला नाही तर मुदतीत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. काउंटरवर ‘दूरसंचाराची तक्रार ग्राहक मंचात चालत नाही’ असं ऐकवलं जातं, ते जुनं झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाला हा अधिकार असल्याचं स्पष्ट केलं, त्यामुळे पुण्याच्या जिल्हा आयोगाचा रस्ता मोकळा आहे. संशयास्पद नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’मध्ये कळवता येतो. न मागितलेली मूल्यवर्धित (कॉलर ट्यूनसारखी) सेवा बिलात दिसली तर १५५२२३ वरून बंद होते.

वांगिरीचे पैसे मात्र परत मिळणं अवघड जातं. कारण तुमच्या कंपनीला ते पलीकडच्या कंपनीला द्यावे लागतात, आणि कॉल तुमच्याच फोनवरून गेलेला असतो. तक्रारीत म्हणून ‘मी कॉल केला नाही’ असं लिहू नका. मिस्ड कॉलची वेळ, त्याचा स्क्रीनशॉट आणि उलट कॉलची नोंद सोबत जोडा, आणि वादातली रक्कम वेगळी दाखवून उरलेलं बिल मुदतीत भरा.