लकवा मारला तर: जवळचा दवाखाना की थेट सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय?

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ जड झाली. गावात पहिली धाव जवळच्या डॉक्टरांकडेच असते. माणूस ओळखीचा, दहा मिनिटांत पोहोचतो, पैशाची घाई नाही. तिथे साखर तपासली जाते, आणि तेवढं खरंच मोलाचं आहे, कारण साखर खूप उतरली तरी लक्षणं लकव्यासारखी दिसू शकतात.

पण पुढे काय? मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे सीटी किंवा एमआरआय स्कॅनशिवाय कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. दोन्हींचे उपचार उलटे. अंदाजाने दिलेली अ‍ॅस्पिरिन रक्तस्रावात घात करू शकते. सलाईन लावून ‘सकाळपर्यंत बघू’ म्हटलं, की हातातली वेळ गेलीच.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देतात, आणि जितकं लवकर तितका फायदा जास्त. म्हणून तालुक्याला सीटी नसेल, तर दीड-दोन तास लांबचं जिल्ह्याचं ठिकाणसुद्धा मला बरं वाटतं. मात्र निघण्यापूर्वी फोन करून दोन गोष्टी विचारा: सीटी आत्ता चालू आहे का, इंजेक्शन मिळेल का? मशीन असून रात्री तंत्रज्ञ नसतो, असंही होतं.

रुग्ण बेशुद्ध असेल किंवा श्वास अडखळत असेल, तर १०८ची रुग्णवाहिकाच बोलवा. तोंडाने पाणी, गोळी काहीही देऊ नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या.