जेलन गम (लो-असिल, 100 ग्रॅम): मातीवर काम करणाऱ्यांनी घ्यावीच

एम.एस्सी.ला आम्ही अगारावरच (जिवाणूंचं खाद्य जेलीसारखं घट्ट करणारी पावडर) हात बसवला. मातीतले जेमतेम एक टक्का जिवाणू प्लेटवर, म्हणजे अशी जेली ओतलेल्या चपट्या तबकडीत, उगवतात, हेही तेव्हाच शिकले. पण यात अगाराचाही वाटा असतो, हे फार उशिरा कळलं. फॉस्फेट आणि अगार एकत्र ऑटोक्लेव्ह केले (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केले) की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि सावकाश वाढणाऱ्या कित्येक जिवाणूंना ते सोसत नाही.

म्हणून अगाराऐवजी तेच काम करणारी जेलन गम मागवली. पुरवठादाराने पहिल्या खेपेला तिचा मऊ, हाय-असिल प्रकार पाठवला. तिची जेली लिबलिबीत, लूप (जिवाणू पसरवायची तारेची कडी) टेकवला की आत रुतायचा. बदलून मिळायला तीन आठवडे गेले. ऑर्डरवर ‘लो-असिल’ (घट्ट जेलीचा प्रकार) असं स्पष्ट लिहा.

पावडर गार पाण्यात चिमटी-चिमटीने, ढवळत टाका, नाहीतर गुठळ्या होतात. मला लिटरला 8 ग्रॅम पुरली, अगार 15 लागतो. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचं मीठ हवंच, त्याशिवाय ती घट्ट होत नाही. आणि ओतताना हात चालवा. अगार चाळीस अंशांपर्यंत दम धरतो, ही गरम असतानाच गोठते. माझा पहिला निम्मा फ्लास्क तसाच आळून गेला.

पण प्लेट काय सुंदर होते! काचेसारखी नितळ. वाईजवळ मावशीच्या शेताच्या बांधावरची माती, अगदी कमी पोषकांचा मीडिया (जिवाणूंचं खाद्य), 28 अंश. दहा दिवस काहीच नाही. प्लेटा सुकू नयेत म्हणून कडेने पॅराफिल्म (ताणून चिकटणारी पट्टी) लावून ठेवल्या. पंचविसाव्या दिवशी एक प्लेट दिव्यासमोर तिरकी धरली, तर खसखशीहून बारीक, जवळजवळ पारदर्शक ठिपके. त्याच मातीच्या अगाराच्या प्लेटवर ते नव्हते. मी हाक मारून सगळ्यांना बोलावलं.

अशा हट्टी जिवाणूंसाठी एवढा खटाटोप का? टिक्सोबॅक्टिन आठवा. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या गवताळ रानातली माती, पडद्यांमध्ये बंद करून मातीतच वाढवलेले जिवाणू, सुमारे 10,000 नमुन्यांची चाचणी, आणि त्यातून 2015 साली जाहीर झालेलं नवं प्रतिजैविक.

माझ्या पाच ठिपक्यांपैकी दोनच पुढच्या प्लेटवर जगले. एकाभोवती स्टॅफिलोकोकस या रोगकारक जिवाणूच्या थरात पुसट रिंगण दिसलंय, म्हणजे तिथे तो नीट वाढला नाही. त्याला रोखणारं द्रव्य एखादं जुनंच औषधही निघेल, पडताळणी चालू आहे.

रोजच्या कॉलनी (जिवाणूंचे ठिपके) मोजणीला अगारच वापरा, ही महाग पडते. मी दुसरी बाटली मागवली आहे.