मुलं सोबत नसताना फॅमिली क्रूझ: बेळगाव-निपाणीकडून निघणाऱ्यांनी काय बघावं

क्रूझच्या जाहिरातीत हमखास चौकोनी कुटुंब असतं: आई, बाबा, दोन मुलं आणि मागे पाण्याची घसरगुंडी. ते बघून टिळकवाडीतलं निवृत्त जोडपं विचारतं, निपाणीचे चार मित्र विचारतात आणि आमच्यासारखे मूल नसलेले नवरा-बायकोही विचारतात, "हे आपल्यासाठी आहे का?" ओळखीतल्या अनेकांशी यावर बोलणं झालंय. माझं मत सांगते. जहाज कुठलं यापेक्षा तारीख कुठली, यावर तुमची सहल जास्त अवलंबून असते. आणि मोठ्यांसाठी राखलेली जागा ज्या जहाजावर आहे, ते कितीही मुलांनी भरलेलं असलं तरी निभतं. तशी जागा नसेल तर थोडी मुलंही पुष्कळ होतात.

आपल्या भागातून खरेखुरे पर्याय तीन: मुंबई किंवा गोव्याहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज, सिंगापूरहून निघणारी महाकाय जहाजं, आणि परदेशातली फक्त प्रौढांसाठीची जहाजं.

मुंबईचं जहाज

कॉर्डेलियाची सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. त्यांचं एम्प्रेस हे जहाज १९९० साली बांधलेलं, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होतं. आजच्या मानाने ते मध्यम आकाराचं. त्याची सगळ्यात मोठी सोय म्हणजे देशातल्या देशात फिरणाऱ्या फेरीला पासपोर्ट लागत नाही, आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं. बेळगावहून रात्रीची स्लीपर बस धरली की सकाळी मुंबई. गोव्याहून चढायची फेरी मिळाली तर आणखी बरं; चोर्ला घाट उतरलात की मुरगाव बंदर फार लांब नाही. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. मालिकेतल्या पात्रांसारखं नटून फिरावं लागत नाही, बाईमाणूस सलवार-कमीजमध्ये निवांत वावरते.

उणी बाजू जागेची. मोठ्यांसाठी वेगळा तलाव, काचेखालची शांत बैठक असं काही इथे धरून चालू नका. बाल्कनीच्या खोल्या थोड्या, आतल्या खोल्या लहान. त्यातून आपली भारतीय कुटुंबं मुलांना किड्स क्लबमध्ये सोडून स्वतः वेगळी बसत नाहीत. आजी-आजोबांसकट सगळं घर एकत्र हिंडतं, आणि रात्री बारालाही चार वर्षांचं पोर कॉरिडॉरमध्ये पळत असतं. मला यात वावगं वाटत नाही, आपल्याकडे मूल असंच वाढतं. पण पुस्तक घेऊन डेकवर पडून राहायचं ठरवून गेलेल्या माणसाला हे आधी ठाऊक असावं.

शांतता हवी असेल तर ती सकाळी सहाला असते. वरच्या डेकवर पुसलेल्या फळ्या अजून ओल्या असतात, खुर्च्या रांगेत लावलेल्या, चहाच्या यंत्राशी दोन-तीन वयस्क माणसं, आणि बाकी नुसता इंजिनाचा घुमारा. साडेआठनंतर हे संपतं. ज्यांना लवकर उठायची सवय आहे त्यांना एम्प्रेसवर रोज अडीच तास मोठ्यांचं जहाज मिळतं. हा हिशेब जाहिरातीत सापडत नाही.

सिंगापूरची जहाजं

इथे तीन नावं ऐकू येतात: रॉयल कॅरिबियन, स्टारड्रीमचं (पूर्वीचं रिसॉर्ट्स वर्ल्ड) गेंटिंग ड्रीम, आणि डिस्नेचं नवं डिस्ने अ‍ॅडव्हेंचर.

रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातल्या जहाजावर दोघांची एक खोली धरली तरी चार हजारांवर प्रवासी मावतात. आकडा ऐकून घाबरायला होतं. पण त्यांच्या बहुतेक जहाजांवर सोलेरियम नावाचा भाग असतो आणि तिथे सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. शिवाय किड्स क्लब मोठा आणि चांगला चाललेला, त्यामुळे पुष्कळ मुलं दिवसाचा बराच वेळ तिथेच. म्हणून एम्प्रेसच्या दुपटीहून जास्त माणसं असूनही इथे कोपरा सापडतो. गेंटिंग ड्रीमवर भारतीय प्रवासी भरपूर, जेवणाची चिंता कमी. पण वातावरण मुंबईच्या जहाजाच्या जवळ जाणारं.

डिस्नेबद्दल मुलं नसलेली माणसं आधीच नाक मुरडतात. थोडं थांबा. डिस्नेच्या जहाजांवर कॅसिनो नसतो, खाण्यापिण्याचा आणि सेवेचा दर्जा उंच समजला जातो. जेवणाची पद्धतही वेगळी: रोज रात्री हॉटेल बदलतं आणि वाढपी तुमच्यासोबत बदलत्या जागी येतात. मात्र अ‍ॅडव्हेंचर हे २ लाख टनांच्या वरचं आणि सुमारे ६,७०० प्रवाशांचं जहाज आहे. फेऱ्या तीन-चार रात्रींच्या, आणि सगळा भर जहाजावरच्याच करमणुकीवर. तुम्ही स्वतः त्या गोष्टींचे, त्या पात्रांचे चाहते असाल तर जरूर जा. नसाल, तर ज्या गोष्टीत रस नाही तिचे सगळ्यात जास्त पैसे तुम्ही मोजाल. माझा कौल स्पष्ट आहे: डिस्नेप्रेम नसलेल्या जोडप्याने हे घेऊ नये.

आपल्याकडून सिंगापूर म्हणजे सांबऱ्याच्या विमानतळावरून किंवा रात्रीच्या रेल्वेने बेंगळुरू, तिथून थेट विमान. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी पोचाच. जहाज कुणासाठी थांबत नाही. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, तेही बघा. जहाजावर चढणं म्हणजे सिंगापूर सोडणं, आणि उतरणं म्हणजे पुन्हा प्रवेश.

तारखा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि इथे आपल्या सीमाभागाला एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही.

मुंबईहून निघणारं जहाज भरतं ते मुंबई, पुणे आणि गुजरातच्या कुटुंबांनी. म्हणजे गर्दी ठरते ती तिकडच्या शाळांवर. आपल्याकडे शाळा मराठी माध्यमाची असली तरी वेळापत्रक कर्नाटकाचं. उन्हाळ्याची सुट्टी आपल्याकडे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते आणि मे संपताना शाळा उघडतात. महाराष्ट्रात ती मेपासून जूनच्या मध्यापर्यंत. दसऱ्याची मोठी सुट्टी आपल्याकडे, तर तिकडे मोठी सुट्टी दिवाळीला.

आता बघा. बेळगाव, खानापूर भागात शिक्षक नवरा-बायको पुष्कळ आहेत. मुलं मोठी होऊन नोकरीला गेलेली, पण यांना रजा सुट्टीतच मिळते. त्यांना वाटतं, सुट्टीत गेलो की गर्दी ठरलेलीच. तसं नाही. दसऱ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातल्या शाळा चालू असतात, आणि नवरात्रात गुजराती कुटुंबं गरबा सोडून सहसा बाहेर पडत नाहीत. त्या दिवसांत मुंबईहून फेरी असेल, आणि दोन ऑक्टोबरला जोडून लांब वीकएंड येत नसेल, तर मुलांची संख्या दिवाळीच्या मानाने पुष्कळ कमी असते. दिवाळी, नाताळ आणि मे हे तिन्ही काळ मात्र सरळ टाळा. चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या ऊसवाल्यांची मोकळीक नेमकी तोड संपल्यावर, एप्रिलमध्ये येते. त्यांनी महिन्याचा पहिला आठवडा साधावा, तेव्हा मुंबईच्या बऱ्याच मुलांच्या परीक्षा असतात.

शुक्रवारी सुटणारी फेरी भरलेली असते, सोमवार-मंगळवारची तुलनेने मोकळी. पण आठवड्याच्या मधल्या फेरीत एखाद्या कंपनीचं संमेलन किंवा आख्खं लग्न असू शकतं. एजंटला विचारायचा पहिला प्रश्न हाच: "त्या तारखेला कुठला मोठा ग्रुप आहे का?"

सिंगापूरला तिथल्या शाळा बघायच्या. तिकडे मार्च आणि सप्टेंबरमध्ये एकेक आठवडा, जवळजवळ आख्खा जून, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून वर्षअखेरपर्यंत सुट्टी असते. उरलेल्यांतले चांगले दिवस म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी (चिनी नववर्षाचे दिवस सोडून), आणि जुलै-ऑगस्ट. जुलै-ऑगस्ट आपल्यासाठी उत्तम. इकडे पावसाने घराबाहेर पडवत नाही, तिकडे मलाक्काच्या सामुद्रधुनीत समुद्र बहुतेक शांत. गणपतीच्या आत परत या म्हणजे झालं. त्या दिवसांत बेळगाव सोडायचा प्रश्नच येत नाही.

पैशाचा हिशेब

भाडं माणशी सांगतात, पण धरलेलं असतं एका खोलीत दोघं असं. 'मुलांना मोफत' किंवा 'तिसऱ्या-चौथ्याला सवलत' या योजनांचा दोघांना काडीचा उपयोग नाही. म्हणून जाहिरातीतला आकडा सोडा आणि दोघांचं एकूण बिल मागा: बंदर शुल्क, कर, टिप सगळं धरून. परदेशी जहाजांवर टिप बहुधा रोज, दर माणशी साधारण १६ ते २० अमेरिकन डॉलर अशी बिलात लागते. एकटं जाणाऱ्याचं तर नुकसानच. कित्येकदा जवळपास दोघांचं भाडं एकट्याला पडतं. अविवाहित मैत्रिणींनी जोडीने एक खोली घ्यावी.

एक बारकावा मित्रमंडळींसाठी. रॉयल कॅरिबियनवर एका खोलीतल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच खोलीतल्या बाकीच्या प्रौढांनाही घ्यावं लागतं. एक पिणारा आणि एक माळकरी असे एका खोलीत पडले तर काय होतं ते तुम्हीच बघा. खोल्यांची वाटणी घरूनच करून निघा.

जेवणाचं टेबल

मूल नसलेल्यांसाठी फॅमिली जहाजाची खरी परीक्षा तलावावर होत नाही, ती जेवताना होते. आम्ही एकदा आठजणांच्या टेबलावर बसलो होतो. शेजारची राजकोटची बाई मांडीवरच्या मुलाला डाळभात कालवून भरवत होती, आणि मान वर न करताच तिने विचारलं, "भाभी, बच्चे रूम में सो गए क्या?" मी म्हटलं, "नाहीत आम्हाला." तिचा हात थांबला. मग काही न बोलता तिने पापडाची ताटली आमच्याकडे सरकवली. पुढचे दोन दिवस तो मुलगा माझ्याच मांडीवर होता, आणि ते दोन दिवस मला फार आवडले.

पण प्रत्येकाचं तसं होईलच असं नाही. उपचार चालू असलेलं, किंवा नुकतेच थांबवलेलं जोडपं असेल, तर तोच प्रश्न दिवसातून पाचदा ऐकणं जड जातं. आपल्याकडे लग्नकार्यात, हळदीकुंकवात हे ऐकावं लागतंच. त्यापासून चार दिवस सुटका म्हणून जायचं असेल तर फॅमिली क्रूझ घेऊ नका, अगदी स्वस्त मिळत असली तरी. ज्यांनी मूल नको हे ठरवलंय आणि त्यावर बोलायला ज्यांना काही वाटत नाही, किंवा ज्यांची मुलं मोठी झालीत, त्यांना हा त्रास नाही. उलट निवृत्त जोडप्यांना ही जहाजं आवडतात. नातवंडं बेंगळुरूला किंवा परदेशात, इथे आयती पोरं भोवती.

जायचंच असेल तर बुकिंगच्या वेळीच दोघांचं वेगळं टेबल मागून ठेवा आणि जेवणाच्या दोन वेळा असतील तर उशिराची घ्या. लहान मुलंवाले पहिल्या वेळेला जेवतात.

फक्त मोठ्यांची जहाजं

व्हर्जिन व्हॉयेजेसवर अठराखालच्यांना प्रवेश नाही. वातावरण तरुण, गाण्याबजावण्याचं, रात्री जागवणारं. व्हायकिंगही अठराच्या वरच्यांचं, पण अगदी उलट: हजाराच्या आत प्रवासी, कॅसिनो नाही, इतिहास-भूगोलावर व्याख्यानं, आणि बहुतेक प्रवासी साठीच्या आसपासचे. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीची आर्केडिया आणि ऑरोरा ही दोन जहाजंही प्रौढांसाठीच आहेत. शांतता हवी असणाऱ्याला व्हायकिंगच्या तोडीचं काही नाही, असं माझं मत.

अडचण पोचण्याची. यातल्या बऱ्याच फेऱ्या युरोपातून, म्हणजे शेंगेन व्हिसा. आणि आपला पत्ता कर्नाटकाचा, तेव्हा बहुतेक देशांसाठी अर्ज बेंगळुरूकडे. कोल्हापूरचा पाहुणा मुंबई-पुण्यात काम उरकतो म्हणून आपणही तिकडे जाऊ, असं गृहीत धरू नका. भाडं, विमान, व्हिसा धरता हा खर्च मुंबईच्या फेरीच्या कितीतरी पट. शाकाहारी माणसाने जेवणाचं आधी लेखी विचारून घ्यावं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्तीचे पैसे हाताशी, अशा एकदाच्या सहलीसाठी मी हे सुचवेन. पहिली क्रूझ म्हणून नाही.

मग निवड

समुद्रावर राहणं आपल्याला झेपतं का हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी मुंबई किंवा गोव्याहून दोन-तीन रात्रींची फेरी घ्यावी, शाळा चालू असताना, मधल्या वारी. उलटीचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यातली खोली मागा. एकदा अनुभव घेतलेल्या आणि पासपोर्ट असलेल्या जोडप्याला जुलै-ऑगस्टमधलं सिंगापूरचं रॉयल कॅरिबियन, बाल्कनीच्या खोलीसह, हा माझा पहिला कौल. ज्यांना माणसंच नको आहेत, त्यांनी क्रूझचा नाद सोडावा. केरळात आलप्पुझाला दोघांची हाऊसबोट घ्या, नाहीतर देवबागला खाडीकाठी चार दिवस राहा, पैसेही वाचतील.

खोली ठरवताना जहाजाचा नकाशा उघडा आणि वर-खाली काय आहे ते बघा. किड्स क्लबच्या किंवा तलावाच्या खालची खोली नको, लिफ्टसमोरची नको, आणि आतून दाराने शेजारच्या खोलीला जोडलेली तर मुळीच नको. ती कुटुंबांसाठी असते, आणि पलीकडचा आवाज त्या दारातून जसाच्या तसा येतो.