माय ब्रिलियंट फ्रेंड (युरोपा एडिशन्सचं पेपरबॅक): कव्हर बघून चार वर्षं टाळलेलं पुस्तक

आधीच सांगून टाकते, कव्हरला दोन स्टार, पुस्तकाला पाच, आणि हे दोन स्टार पण शेवटी शेवटी वाढवलेत.

या कादंबरीची इटालियन लेखिका एलेना फेरांते, तिचं नाव खूप दिवस ऐकत होते. दुकानात दोनदा हातात घेतलं आणि दोनदा परत ठेवलं. कारण काय, तर कव्हरवर समुद्रासमोर पाठमोरे नवरा-नवरी, सोबत नटवलेल्या छोट्या मुली, आणि सगळं कसं फिकट फिकट, लग्नाच्या अल्बममधनं उचलल्यासारखं. मला वाटलं उन्हाळ्याच्या सुट्टीत इटलीला जाऊन प्रेमात पडणाऱ्यांपैकी काहीतरी असणार, ठेवून दिलं. मग 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या शतकातल्या शंभर उत्तम पुस्तकांची यादी काढली त्यात हे पहिल्या नंबरवर. आता मात्र लाज वाटली आणि ऑनलाइन मागवलं. (एक कोपरा मुडपून आला, त्याबद्दल वेगळी तक्रार केलीय, इथे नको.)

वाचायला घेतलं आणि पहिल्या पन्नास पानांतच कळलं की कव्हरचा आणि आतल्या गोष्टीचा काही म्हणजे काही संबंध नाही. 1950 च्या आसपासचं नेपल्स, तेही शहराच्या कडेची गरीब वस्ती, चांभार, भाजीवाला, सुतार, नगरपालिकेतला शिपाई यांची घरं, आणि बायका-पुरुष सगळे एकमेकांना मारायला उठलेले. लीला आणि लेनू या दोन मुली एकमेकींच्या बाहुल्या तळघराच्या अंधारात टाकतात, तिथपासून सुरू होतं. पुढे शिकायचंय म्हणून हट्ट करणाऱ्या लीलाला बाप चक्क खिडकीतनं बाहेर फेकतो, हात मोडतो तिचा. आणि आपण वर बघतोय तर नवरीची झुळझुळीत ओढणी.

आपल्याकडे वाढलेल्या माणसाला कव्हर वाचायची सवय असतेच म्हणा. दीनानाथ दलालांनी काढलेली डौलदार बाई दिसली की आत काय असेल याचा अंदाज आईच्या पिढीला लगेच यायचा, काळ्या पाठीवर कवटी असली की भयकथा, डोंगर आणि भगवा झेंडा असला की ऐतिहासिक, आणि नुसत्या चार रेघा असल्या की समजायचं हे जड जाणार. सांगणारं कोणी लागत नाही, हात आपोआप तिकडे जातो किंवा जात नाही. माझा गेला नाही, एवढंच.

काफ्काचं यावरून आठवलं. त्याच्या त्या माणसाचा किडा होतो त्या गोष्टीचं पुस्तक 1915 मध्ये निघणार होतं तेव्हा त्याने प्रकाशकांना कळवलं होतं की कव्हरवर किडा काढू नका, लांबनंसुद्धा दाखवू नका. मग दारासमोर तोंड झाकून उभा असलेला माणूस आला. लेखक असा हुशार पाहिजे, एकदा किडा डोळ्याने बघितला की वाचणाऱ्याच्या डोक्यात दुसरा कुठला येणारच नाही.

असो, तर फेरांते. गंमत म्हणजे हे कव्हर चुकून असं झालेलं नाहीये. या कव्हरांना लोक इतके हसले की प्रकाशकांपैकी सान्द्रा ओझोला यांनी खुलासा केला, की अतिशय तलम गोष्टीला जरा भडक कपडे घालायचे हा आमचा खेळ होता, बऱ्याच जणांना तो समजलाच नाही. मी वाचलं तेव्हा म्हटलं, खेळ म्हणे! तुमचा खेळ होतो आणि माझी चार वर्षं जातात.

लोकलमध्ये वाचायचे तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलंच, "लग्नाचं आहे का हो? आमच्या मुलीचं जमवायचं चाललंय." काय सांगणार, हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सरळ शाळेच्या वह्यांना घालतो तसं खाकी कागदाचं कव्हर घातलं पुस्तकाला. आणि खरं सांगते, त्यानंतर पुस्तक वेगळंच लागायला लागलं, जास्त अंधारं, जास्त खरं. माझ्या डोळ्यांसमोर आता समुद्र नव्हता.

समुद्रावरून एक. यात एक जागा आहे, दोघी मुली शाळा बुडवून समुद्र बघायला निघतात. नेपल्समध्ये राहतात आणि समुद्र बघितलेला नाही! बोगद्यातनं चालत जातात, मग आभाळ भरून येतं, पाऊस कोसळतो, आणि न घाबरणारी लीलाच मागे फिरते. समुद्र राहतोच. त्या पानावर मी कागद काढून परत कव्हर बघितलं. ज्या मुलींना समुद्र मिळाला नाही त्यांच्या पुस्तकावर हा एवढा समुद्र, निळा आणि स्वच्छ. पहिल्यांदा जरा खटकायचं थांबलं.

मग पहिलं प्रकरण परत काढलं. म्हातारी झालेली लीला घरातनं गायब झालीय आणि जाताना घरातल्या सगळ्या फोटोंतनं स्वतःला कापून गेलीय. आणि कव्हरवर एकाचाही चेहरा नाही, सगळे पाठमोरे. बाईने टोपणनावाने लिहिलंय, तिचा स्वतःचा फोटोही कुठे नाही. आता हे प्रकाशकांनी मुद्दाम केलं की माझंच डोकं जास्त चालतंय माहीत नाही, पण म्हणून दोन स्टार. एरवी एकच देणार होते. लग्न पण आहे बरं का आत, शेवटी आहे, आणि ते कसं आहे ते मी सांगणार नाही.

बाकी प्रॉडक्ट म्हणून चांगलं आहे. कागद बरा, अक्षरं डोळ्याला त्रास न देणारी, कव्हरला आत दुमडलेल्या पट्ट्या आहेत त्या खुणेला वापरता येतात. सुरुवातीला कुटुंबावार पात्रांची यादी दिलीय ती फार कामाची, तिथे बोट ठेवूनच वाचा नाहीतर कोण कोणाचा भाऊ ते कळेनासं होतं. अॅन गोल्डस्टाइनचं इंग्रजी भाषांतर वाचताना अडखळायला होत नाही. एकूण चार भाग आहेत, सगळे एकदम घेऊ नका असं म्हणणार होते पण घ्या, नंतर शोधाशोध होते.

वाचून झाल्यावर मावशी आली होती घरी. बँकेतनं रिटायर झालीय, इंग्रजी कादंबऱ्या वाचते पण लग्नबिग्न असलेल्याच, मी सुचवलेलं एक पुस्तक आजवर तिने पूर्ण केलेलं नाही. टेबलावर हे बिनकागदाचं पडलेलं, उचललं, "अगं किती गोड कव्हर आहे" म्हणाली आणि पिशवीत टाकलं. मी तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला फोन, "त्या बुटांचं पुढे काय होतं ते सांग नाहीतर दुसरा भाग घेऊन ये."