बर्डिझो चिमटा: रक्त निघत नाही, पण दुखतं

खोंड खच्ची करायला आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं अवजार म्हणजे बर्डिझो. मूळ इटलीचं. कातडी न फाडता आतली नस, म्हणजे शुक्ररज्जू, चेपायची. वृषणाचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही आठवड्यांत वृषण आक्रसून जातो. उघडी जखम नाही, त्यामुळे पावसाळ्यात माश्या-आसड्यांची भीती नाही. दगड-लाकडाने बडवण्याच्या जुन्या पद्धतीपुढे हे अवजार कितीतरी बरं, यात वाद नाही.

घेताना आकार बघा. करडं-कोकरांना 9 इंची, वासरांना 12 इंची, मोठ्या खोंडाला 16 किंवा 19 इंची. जबड्याच्या टोकाला नस निसटू नये म्हणून खुंटी असलेला घ्यावा. दोन जाड कागदांमध्ये सुतळी धरून चिमटा मिटा: सुतळी तुटली पाहिजे, कागद शाबूत राहिला पाहिजे. कागद फाटला तर कातडीही फाटेल. सुतळी राहिली तर नसही राहील. स्वस्त नकलांचे जबडे लवकर वाकतात आणि मध्ये फट पडते. ठेवताना जबडे किंचित उघडे ठेवावेत.

वापरताना एका वेळी एकच नस. ती बोटांनी पिशवीच्या बाहेरच्या कडेला सरकवून धरायची, चिमटा मिटून 10 सेकंद तसाच ठेवायचा, मग सेंटिमीटरभर खाली दुसरा चिमटा. दुसऱ्या बाजूचे वळ पहिल्या बाजूच्या रेषेत येता कामा नयेत आणि मधली कातडी मोकळी सुटलीच पाहिजे. ती सलग चेपली गेली तर खालच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटून सगळी पिशवी सडते. बैल ‘कच्चा राहिला’ अशी तक्रार येते तेव्हा नस निसटलेली असते किंवा जबडा झिजलेला असतो. म्हणून सहा आठवड्यांनी हाताने चाचपून बघणं टाळू नये, आणि तोवर खोंड गाईंपासून वेगळा बांधावा.

इथवर अवजाराला पैकीच्या पैकी गुण. आमची तक्रार ‘बिनरक्ताची पद्धत’ या बिरुदाबद्दल आहे. रक्त दिसत नाही म्हणून दुखतही नसेल, असं गृहीत धरलं जातं. खोड्यातून सोडलेल्या खोंडाकडे दहा मिनिटं नीट बघा. मागचे पाय फाकवून उभा राहतो, एकेक पाय आलटून पालटून आपटतो, शेपूट थांबत नाही, मान वळवून मागे बघतो, वैरण पुढ्यात असून तोंड लावत नाही. पुढे सूज काही दिवस राहते.

यावरचा उपाय जनावरांच्या दवाखान्याच्या कपाटातच असतो. 2 टक्के लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, 100 किलोच्या खोंडाला प्रत्येक नसेत 5 मिली, आणि मग पाच ते दहा मिनिटं थांबायचं. घाई होते ती इथेच. त्याचा असर तास-दोन तासांत ओसरतो, म्हणून सोबत मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक, किलोला अर्धा मिलिग्रॅम. मिलीला 5 मिलिग्रॅमची बाटली असेल तर 100 किलोला 10 मिली. तेही चिमटा लावण्याआधी. डायक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक अजिबात नको. ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन झालेल्या गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे, आणि ती बंदी पशुवैद्यकांच्या निदानावर उभी आहे: मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन करून मूत्रपिंडं कशाने निकामी झाली हे त्यांनी शोधलं.

खच्चीकरणाच्या वेदनेबाबत मात्र हीच मंडळी गप्प असतात. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने विहित पद्धतीने केलेलं खच्चीकरण क्रूरतेच्या व्याख्येबाहेर ठेवलंय. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात ते लसीकरण आणि मलमपट्टीच्या ओळीत, ‘किरकोळ सेवा’ म्हणून बसवलंय. ते किरकोळ नाही, हे अधिकाराने सांगू शकणारा माणूस म्हणजे रोज चिमटा हातात धरणारा पशुवैद्यक. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीच्या बैठकीत वाहतूक आणि भटक्या कुत्र्यांसोबत हा विषयही त्यानेच मांडायला हवा.

शेतकऱ्याची बाजूही त्यालाच ठाऊक असते. लवकर खच्ची केला तर वशिंड आणि मान भरत नाही, म्हणून शेतकरी दोन-अडीच वर्षं थांबतो. तोवर नस जाड होते आणि वेदनाही वाढते. ‘लहानपणीच करा’ एवढंच सांगणाऱ्या कार्यकर्त्याला औताचं गणित माहीत नसतं, आणि भूल दिली की मोठ्या खोंडाचं काम सुसह्य होतं हे शेतकऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

चिमटा घ्याच. पण दवाखान्याच्या मागणीपत्रात त्याच्याच खाली लिग्नोकेन आणि मेलॉक्सिकॅम लिहा, आणि खच्चीकरणाच्या नोंदवहीत ‘भूल दिली: होय/नाही’ असा एक रकाना आखून घ्या. पुढच्या बैठकीत तो रकानाच पुढे ठेवता येईल.