दोष सहसा बर्निंगचा नसतो: घरगुती व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरचा वापरानंतरचा अनुभव

मिनी डीव्ही कॅसेटांवरचे घरातील जुने चित्रीकरण संगणकावर घेणे, नको तो भाग कापून उरलेला नीट जोडणे आणि शेवटी मेनूसह डीव्हीडी तयार करणे ही तिन्ही कामे एकाच ठिकाणी होतील, या अपेक्षेने मी हे सॉफ्टवेअर विकत घेतले आणि गेले अनेक महिने विंडोज १० असलेल्या लॅपटॉपवर वापरते आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या अडचणी पुढे सांगणार आहे त्या कोणत्याही घरगुती एडिटरात येऊ शकतील अशा आहेत. आजच्या काळात डीव्हीडी कशाला, असे कोणी विचारील. आमच्या नात्यातील ज्येष्ठ मंडळींच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर अजून चालू स्थितीत आहे, रिमोटचे एक बटण दाबले की मुंज सुरू होते, आणि पेनड्राइव्हमधली फाइल शोधण्याचा व्याप त्यांना नको असतो. पूर्वी हे काम संगणकाबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरवर भागत असे. परंतु विंडोज ७ मधला डीव्हीडी मेकर विंडोज ८ मध्ये राहिला नाही, आणि अॅपलनेही २०११ पासून नव्या मॅकबरोबर आयडीव्हीडी देणे थांबवले.

एडिटिंगबद्दल माझी तक्रार नाही. कॅसेटवर चित्रीकरणाची तारीख आणि वेळ नोंदलेली असते, तिच्या आधारे हे सॉफ्टवेअर एका तासाच्या सलग फाइलचे प्रसंगवार तुकडे आपोआप पाडते, आणि हळदीचा भाग कुठे संपला व सीमांतपूजन कुठे सुरू झाले हे शोधण्याचे कष्ट वाचतात. कॅसेट उतरवून घेण्यासाठी फायरवायर पोर्ट, म्हणजे कॅमेरा जोडण्याची जुनी खाच, लागते, ते नव्या लॅपटॉपांत नसते. माझ्याकडे जुना डेस्कटॉप होता म्हणून निभावले. एका तासाच्या कॅसेटची फाइल सुमारे १३ जीबी होते, एवढे लक्षात ठेवून हार्ड डिस्कवर जागा मोकळी ठेवावी.

खरी परीक्षा शेवटच्या बटणापाशी होते. सगळे लावून झाले, मेनू सजला, कोरी डिस्क घातली, ‘बर्न’ दाबले. बराच वेळ हिरवी पट्टी पुढे सरकते आणि मग ‘डिस्क बर्न करता आली नाही’ एवढेच एक वाक्य आणि एक आकडी संकेतांक समोर येतो. हे वाक्य दिशाभूल करणारे आहे. त्या एका बटणामागे तीन स्वतंत्र कामे चालतात. आधी तुमच्या टाइमलाइनवरचे, म्हणजे तुकडे ज्या पट्टीवर क्रमाने लावतो तिच्यावरचे, सर्व चित्रीकरण डीव्हीडीसाठीच्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीत नव्याने एन्कोड होते, म्हणजे रूपांतरित होते. मग मेनू, चॅप्टर आणि चित्र-आवाज यांची मांडणी करून व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर रचला जातो. आणि सर्वांत शेवटी तो फोल्डर डिस्कवर लिहिला जातो. पहिल्या दोनांपैकी कोणतेही काम अडले तरी संदेश तोच येतो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गाडी पहिल्याच टप्प्यात अडली होती, म्हणजे लेझरने डिस्कला स्पर्शही केलेला नव्हता. तरीही मनुष्य दुकानात जाऊन दुसऱ्या कंपनीच्या डिस्का आणतो, रायटर, म्हणजे डिस्क लिहिणारे यंत्र, बदलतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन थांबतो.

म्हणून पहिला आणि सर्वांत उपयोगी उपाय असा की सॉफ्टवेअरकडून थेट डिस्क लिहवून घेऊच नये. बर्नच्या खिडकीत ‘डिस्क’ऐवजी ‘फोल्डर’ किंवा ‘आयएसओ इमेज’ (संपूर्ण डिस्कची एकच फाइल) हा पर्याय असतो, बरेचदा ‘अॅडव्हान्स्ड’च्या आड दडवलेला, तो निवडावा. इमेज तयार झाली तर ती व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून मेनूची सर्व बटणे चालतात का ते पाहावे आणि मग इमगबर्नसारख्या मोफत प्रोग्रॅमने डिस्कवर लिहावी. विंडोज ७ पासून पुढे तर फाइलवर राइट-क्लिक करूनही इमेज लिहिता येते. इमेजच तयार झाली नाही, तर डिस्क, रायटर आणि केबल हे तिघेही निर्दोष ठरतात आणि शोध संगणकाच्या आत घ्यायचा हे निश्चित होते. हे एवढे वेगळे केल्यावर माझ्या कोऱ्या डिस्का फुकट जाणे जवळजवळ थांबले.

पुढचा प्रश्न असा की पट्टी कोठे अडते. प्रत्येक वेळी तेवढ्याच टक्क्यांवर अडत असेल तर दोष बहुधा टाइमलाइनवरच्या एखाद्या विशिष्ट तुकड्यात असतो. दर वेळी निराळ्या ठिकाणी अडत असेल तर मेमरी, तापमान, मागे चालणारा अँटिव्हायरस किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर यांच्याकडे बोट जाते. दुसऱ्या प्रकारात सेटिंगमधले हार्डवेअर अॅक्सिलरेशन, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मदत घेणे, बंद केल्याने माझे काम झाले. एन्कोडिंग मंदावले, रात्रभर चालू ठेवावे लागले, पण पूर्ण झाले. पहिल्या प्रकारात टाइमलाइनचा फक्त पूर्वार्ध निर्यात करून पाहावा, तो नीट गेला तर उत्तरार्धाचे पुन्हा दोन भाग करावेत, आणि असे निम्मे-निम्मे करत गेले की दोषी तुकडा थोड्याच वेळात हाती लागतो.

माझ्याकडे तो तुकडा बहुतेक वेळा मोबाइलवरचा निघाला. कॅसेटवरचे आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीचे चित्रीकरण सेकंदाला बरोबर २५ फ्रेमचे असते. मोबाइल मात्र प्रकाश कमी-जास्त होईल तसा फ्रेमचा वेग बदलत जातो, आणि अशी फाइल पुढे व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली असेल तर तिचे पुन्हा एकदा आकुंचनही झालेले असते. जुन्या कॅसेटच्या शेवटी बारशाचे अलीकडचे दोन-तीन मोबाइल तुकडे जोडावेत, ही इच्छा अगदी स्वाभाविक. पण नेमके तेच तुकडे एन्कोडरला पचत नाहीत, आणि पचले तरी ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटतो. असे तुकडे आधी हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून काढावेत, त्यात फ्रेमचा वेग २५ आणि ‘कॉन्स्टंट’ ठेवावा, आवाज ४८ किलोहर्ट्झवर न्यावा, आणि मगच नवी फाइल टाइमलाइनवर घ्यावी.

आता देवनागरीबद्दल थोडे विस्ताराने, कारण मदतीच्या पानांवर याचा उल्लेखही नाही. माझ्या लॅपटॉपवरील वापरकर्त्याचे नाव मराठीत होते, त्यामुळे विंडोजने तयार केलेल्या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरच्या मार्गातही देवनागरी अक्षरे आली. एडिटिंगच्या भागाला ती चालतात. डिस्क रचणारा भाग मात्र जुन्या घडणीचा असावा. त्याला तो मार्ग सापडत नाही आणि तो मेनू तयार करण्याच्या वेळी कोणतेही कारण न सांगता थांबतो. वापरकर्त्याचे प्रदर्शित नाव बदलून उपयोग नसतो, कारण फोल्डरचे मूळ नाव तसेच राहते. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन तात्पुरता फोल्डर डी ड्राइव्हवर रोमन अक्षरांतील साध्या नावाने करावा, किंवा रोमन नावाचे नवे खाते उघडून त्यातून काम करावे. ‘आजोबांची पंचाहत्तरी’ अशी क्लिपची फाइलनावेही त्याच कारणासाठी बदलावीत. डिस्कच्या लेबलाचेही तसेच आहे: तेथे रोमन मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांपलीकडे जाऊ नये.

मेनूवरील मराठी मजकूर हा आणखी एक त्रास. टाइप करताना ‘विधी’ व्यवस्थित दिसतो, आणि तयार झालेल्या मेनूत पहिली वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन बसते, ‘लग्न’मधला ‘ग’ पाय मोडून उभा राहतो आणि जोडाक्षर सुटते. फाँट बदलून फरक पडत नाही, कारण अक्षरे जोडण्याचे कामच तो मेनू करत नाही. शेवटी मी शीर्षके दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहून, पारदर्शक पार्श्वभूमीचे पीएनजी चित्र करून मेनूवर ठेवू लागले. भारतात विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही पाळी यावी, हे मला अजिबात क्षम्य वाटत नाही.

जागेचा हिशेबही येथेच सांगते. डिस्कवर ४.७ जीबी छापलेले असते, पण संगणकाच्या मोजणीने ते सुमारे ४.३८ भरते. ती डिस्क बनताना एन्कोड केलेल्या फाइली आणि इमेज अशी दोनदा जागा लागते, म्हणून सी ड्राइव्हवर दहा-बारा जीबी मोकळे नसतील तर मधेच काम थांबते. दुसरी खोच बाहेरच्या हार्ड डिस्कची: ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, आणि भरलेली इमेज नेमकी त्याहून किंचित मोठी असते. परिणामी काम अगदी शेवटाकडे, नव्वद टक्क्यांच्या पुढे येऊन कोसळते, आणि हार्ड डिस्कवर जागा ढीगभर दिसत असल्याने कारण डोक्यात येत नाही. ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केली की प्रश्न मिटतो; अर्थात आधी आतील फाइली दुसरीकडे काढून ठेवाव्या लागतात.

किती चित्रीकरण एका डिस्कवर घ्यावे यावर सॉफ्टवेअरचा ‘ऑटो’ पर्याय फार आशावादी आहे. एका तासाच्या चित्रीकरणाला आठ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) आसपासचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरता येणारी माहिती, मिळतो आणि चित्र उत्तम राहते; दोन तास कोंबले की चित्र-आवाज मिळून जेमतेम पाच उरतात, आणि त्यात आवाज पीसीएम, म्हणजे न आकुंचलेला, ठेवला तर दीड एमबीपीएस तोच खातो. आवाज एसी-३ या आकुंचित पद्धतीत न्यावा. तो साधारण पाव एमबीपीएसमध्ये भागतो आणि सनई-चौघड्यात काही फरक ऐकू येत नाही. मी मर्यादा दीड तासाची ठेवली आहे.

इमेज ठीक असूनही लिहिताना बिघडते तेव्हाच रायटरकडे वळावे. बाहेरचा पातळ रायटर यूएसबी २ च्या एका पोर्टवर चालवला तर त्याला ५०० मिलिअँपिअरच मिळतात, आणि लिहिताना काहींना तेवढे पुरत नाहीत. हबमधून तर तो मुळीच जोडू नये. वेग १६ ऐवजी ८ किंवा ४ ठेवावा. जुन्या प्लेअरांना डीव्हीडी-आर अधिक मानवते असा माझा अनुभव आहे.

डिस्क नीट लिहिली गेली तरी एक दोष उरू शकतो. टीव्हीवर कोणी चालत गेले की आकृतीच्या कडा थरथरतात, जणू दोन चित्रे भांडत आहेत. अशा चित्रीकरणातले प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, म्हणजे फील्डांत, साठवलेले असते, आणि मिनी डीव्हीमध्ये खालची फील्ड आधी येते. प्रोजेक्टमध्ये ‘अपर फील्ड फर्स्ट’ राहिले तर हे होते, आणि संगणकाच्या पडद्यावर बहुधा दिसत नाही. प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच ‘लोअर’ निवडावे, आणि लांबलचक प्रोजेक्टआधी एका मिनिटाचा तुकडा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर काढून प्रत्यक्ष टीव्हीवर पाहावा.

कंपनीच्या मदत केंद्राने माझ्या प्रत्येक ईमेलला सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका एवढेच उत्तर दिले. मी लॉग फाइल, म्हणजे सॉफ्टवेअरने ठेवलेली कामाची नोंद, जोडून पाठवली होती आणि तिच्यात मार्ग न सापडल्याची नोंद स्पष्ट होती, तरी ती कोणी उघडली असावी असे उत्तरावरून वाटले नाही. वाचकांनी मात्र ही फाइल जरूर उघडावी. इंग्रजीत आणि रुक्ष असली तरी तिच्या शेवटच्या काही ओळींत, पडद्यावरच्या संदेशाने जे लपवले ते बहुधा लिहिलेले असते.

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीच्या वर्गणीची मुदत लवकरच संपते आहे आणि मी ती वाढवणार नाही. विकत घेतलेली जुनी आवृत्ती कापाकापीसाठी पुरेशी आहे. मेनू आणि डिस्कची रचना मी डीव्हीडीस्टायलर या मोफत प्रोग्रॅमकडे सोपवू लागले आहे. त्याचे रूप ओबडधोबड आहे आणि तयार नमुने जेमतेम आहेत, पण कोणत्या टप्प्यावर काय अडले ते तो ओळीने लिहून दाखवतो. ज्यांना फक्त कॅसेटा कापून-जोडून फाइली ठेवायच्या आहेत त्यांनी हे सॉफ्टवेअर खुशाल घ्यावे. ज्यांना डिस्काच हव्या आहेत त्यांनी आधी चाचणी आवृत्ती उतरवून घ्यावी, तीत स्वतःचे अर्ध्या तासाचे चित्रीकरण आणि मराठी नावाचा मेनू घालून आयएसओ बनते का ते पाहावे, आणि मगच पैसे भरावेत.