पोकरट्रॅकर ४: छोट्या टेबलांचा चोख हिशेब

आमच्या ग्रुपवर रोज रात्री ऑनलाइन पोकरमध्ये कोण किती जिंकलं याच्या गप्पा रंगतात. बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी लावायची सक्तीची मोठी पैज) जेमतेम २ सेंटचा, पण चर्चा जोरदार! या गप्पांना आकड्यांचा आधार मिळाला तो पोकरट्रॅकर ४ या सॉफ्टवेअरमुळे. कॉम्प्युटरवर सेव्ह झालेली हँड हिस्टरी, म्हणजे खेळलेल्या प्रत्येक डावाची (हँडची) नोंद, तो स्वतःच वाचतो, हाताने काही भरावं लागत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो ग्राफ. एक रेघ प्रत्यक्ष कमाईची, दुसरी ऑल-इनच्या (समोरचे सगळे पैसे लावण्याच्या) क्षणी जिंकण्याची शक्यता धरून काढलेली. एक्क्यांची जोडी घेऊन राजांच्या जोडीविरुद्ध प्रीफ्लॉप (टेबलावर सामायिक पत्ते उघडण्याआधी) ऑल-इन गेलात, तर साधारण ८२ टक्के वेळा जिंकता. उरलेल्या वेळी ग्रुपवर आरडाओरडा ठरलेला. पण दुसरी रेघ तेव्हाही वरच चढते आणि मित्राची समजूत घालायला तो स्क्रीनशॉट पुरतो.

व्हीपीआयपी (किती टक्के हँडमध्ये आपणहून पैसे लावले) आणि पीएफआर (किती टक्के हँडमध्ये प्रीफ्लॉप पैज वाढवली) हे आकडे लवकर स्थिरावतात. विन-रेट, म्हणजे १०० हँडमागची सरासरी कमाई, नाही. सिक्स-मॅक्समध्ये (जास्तीत जास्त सहा खेळाडूंच्या टेबलावर) १०,००० हँडनंतरही नुसत्या नशिबाने तो १०० हँडमागे १० बिग ब्लाइंडनी सहज इकडेतिकडे होतो. २ सेंटच्या टेबलावर म्हणजे एकूण २० डॉलर! तेवढ्यावर कुणाला चांगला-वाईट खेळाडू ठरवू नका.